शनिवारची चुकलेली उत्तरं

माझं काम करायला सोपं आणि नातेवाइकांना समजावायला कठीण आहे. बिल्डरने अजून पायासुद्धा खणलेला नसतो, तेव्हाच मी त्याच्या इमारतीत सूर्योदय करून देते. बाल्कनीत कुंड्या, कुंड्यांत फुलं, सोफ्यावर पेपर वाचणारे गुटगुटीत आजोबा. फ्लॅटच्या जाहिरातीत दिसतात ती चित्रं माझ्यासारखी माणसं कॉम्प्युटरवर बनवतात. नाशिकमध्ये इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी काचा लावून बंद करून घेतली आहे, तेच माझं ऑफिस. टेबलाशेजारी बुटक्या स्टुलावर कॉम्प्युटरचा डबा, आणि त्या डब्यात एक दांडगं ग्राफिक्स कार्ड. चित्रातलं ऊन कुठून येतं आणि सावली कुठे पडते, ही सगळी आकडेमोड ते कार्ड करतं. काम नसलं की ते नुसतं बसून असतं, जावयासारखं.

आमच्या घरात आम्ही तिघं. मी, आई आणि पप्पा. पप्पा जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झाले. देवळ्याकडच्या एका खेड्यातला त्यांचा जन्म, आणि नोकरीची बरीचशी वर्षं गेली पेठच्या डोंगरात चढउतार करण्यात. भावाभावांच्या बांधावर उभं राहून, दोन्हीकडच्या शिव्या खात, ते शांतपणे मोजत राहायचे. त्यांनी काढलेले नकाशे मी लहानपणी बघितले आहेत. पेन्सिलीची रेघ इतकी बारीक आणि सरळ, की मला ती छापलेली वाटायची.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. पप्पांनी तो आजार म्हणून घेतलाच नाही, अपमान म्हणून घेतला. आधी त्यांनी लोकांकडे चहा पिणं सोडलं, कारण बशीत कप वाजायचा. मग रविवारी विहारात जाणं सोडलं. आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात रविवारी सकाळी वंदना झाली की सगळे तिथेच सतरंजीवर बसून नाश्ता करतात. तीस वर्षं त्या सतरंज्या पप्पांनी अंथरल्या होत्या. आता ते म्हणायचे, "तुम्ही जा, मला कंटाळा आलाय." घरीसुद्धा ते आमच्याकडे पाठ करून जेवायला लागले. मला त्या पाठीचा इतका राग यायचा की ताट आपटावंसं वाटे. खरं म्हणजे ती भीती होती. मला भीती वाटली की राग येतो, हा माझा जुना दोष आहे.

अशातच एकदा डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघताना मी मोबाइलवर काहीबाही वाचत होते. त्यात कळलं, की शरीरातली प्रथिनं घडी कशी घालतात आणि ती घडी चुकली की काय होतं, हे शोधायला शास्त्रज्ञांना अफाट आकडेमोड करावी लागते. एवढे कॉम्प्युटर त्यांच्याकडे नसतात. मग ते त्या गणिताचे हजारो तुकडे करतात आणि जगभरातल्या हौशी लोकांना इंटरनेटवरून वाटतात. आपला रिकामा कॉम्प्युटर तो तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. घडी चुकण्याच्या आजारांत कंपवातही होता.

मी घरी येऊन सांगितलं.

"पैसे देतात का?" आईने विचारलं.

"नाही. फुकट."

"आणि लाइट बिल?"

"आपलं."

आईने माझ्याकडे जे बघितलं, ते लिहिण्यासारखं नाही. पण पप्पा पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून बसले होते.

"म्हंजे आपलं कार्ड माझ्या आजारावर काम करणार?"

"तुमच्याच असं नाही. तसल्या सगळ्या आजारांवर. आणि त्यातून औषध कधी निघेल, निघेल की नाही, कुणालाच माहीत नाही."

"काम तर करणार ना?" असं म्हणून त्यांनी आपली खुर्ची उचलून गॅलरीत नेली. थरथरत्या हाताने, दाराला दोनदा ठोकत, पण स्वतः नेली.

त्या दिवसापासून रोज सकाळी पहिला प्रश्न एकच. "काल किती?" मी पाठवलेल्या तुकड्यांचा आकडा सांगायची. ते तो तीनदा पुटपुटायचे. दोन आठवडे गेले आणि एका रविवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे. आकडा सांगायला माणसं हवी होती, आणि माणसं विहारात होती.

आमच्याकडे वंदनेनंतर बारीकसारीक बातम्या सांगायची पद्धत आहे. कुणाची मुलगी पास झाली, कुणाच्या घरी बारसं आहे. त्यात पप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या गॅलरीतून ह्या आठवड्यात एवढे तुकडे गेले." मग काय तुकडे, कसले तुकडे, हे पाऊण तास चाललं. एका मावशींनी विचारलं, गुडघ्यासाठी आहे का हो काही त्यात? पप्पांनी त्यांना मुलीला विचारून सांगतो असं आश्वासन दिलं. आणि बोलण्याच्या नादात त्यांनी सगळ्यांसमोर दोन्ही हातांत धरून अख्खा कप चहा प्यायला. थोडा शर्टावर सांडला. त्यांनी तो पुसलाही नाही. आईने माझ्या दंडाला चिमटा काढला, तो इतका जोरात की दोन दिवस वण होता.

त्यानंतर मी कार्डाच्या मागे लागले.

कार्ड कंपनीतून येतं ते एका ठरावीक वेगाला बांधलेलं असतं. पण एक छोटं सॉफ्टवेअर मिळतं, त्यात एक पट्टी असते. पट्टी उजवीकडे सरकवली की कार्ड ठरलेल्यापेक्षा जोरात धावतं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. फार सरकवलं की कॉम्प्युटर बंद पडतो. मग एक पायरी मागे यायचं, थोडं थांबायचं, परत पुढे. जोरात धावलं की कार्ड तापतं, म्हणून त्याला गार ठेवायचं. नाशिकच्या डिसेंबरइतकं चांगलं त्यासाठी काही नाही. मी गॅलरीच्या काचा सताड उघड्या ठेवल्या आणि कानटोपी घालून काम करायला लागले. एका बिल्डरशी व्हिडिओवर मीटिंग होती, त्याने विचारलं, मॅडम कुठे हिल स्टेशनला का?

आकडा चढायला लागला. त्या हौशी मंडळींच्या वेबसाइटवर सगळ्यांचे क्रमांक लागतात, त्यात मी रोज वर सरकत होते. मी ज्याला मागे टाकलं त्याचं नाव पप्पांना वाचून दाखवायची. "कॅनडावाला गेला मागं," ते आईला ओरडून सांगायचे. आकडा वाढला त्या दिवशी पप्पा एक पोळी जास्त खायचे. यात विज्ञान काही नाही, पण माझं लक्ष होतं. मी पट्टी आणखी थोडी सरकवली.

असा महिना गेला. मग एका सोमवारी सकाळी चहा घेता घेता पप्पांनी सहज विचारलं, "तुकडे पाठवले ते कळलं. त्यातली उत्तरं बरोबर किती?"

"सगळी," मी म्हणाले. इतक्या आत्मविश्वासाने, की माझा माझ्यावर विश्वास बसला.

"तपासतं कोण?"

ते मला माहीत होतं. प्रत्येक तुकडा दोन अनोळखी माणसांना दिला जातो. दोघांची उत्तरं जुळली तर मान्य. नाही जुळली तर तोच तुकडा तिसऱ्याला, आणि ज्याचं उत्तर एकटं पडेल ते अमान्य. पप्पांना हे फार आवडलं. मोजणीतही असंच करायला पाहिजे होतं, म्हणाले. ते आंघोळीला गेले आणि मी वेबसाइटवरचं ते पान उघडलं, जे मी तोवर एकदाही उघडलं नव्हतं. मला क्रमांक बघण्यातून सवड कुठे होती?

पान लाल होतं. सगळं नव्हे, पण मध्ये मध्ये पट्टेच्या पट्टे. अमान्य, अमान्य, अमान्य. मी तारखा बघितल्या. सगळी चुकलेली उत्तरं शनिवार संध्याकाळपासून रविवार पहाटेपर्यंतची. बाकी सहा दिवस एकही चूक नाही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? पट्टी डावीकडे सरकवली असती. मी ठरवलं की समोरचे चुकले आहेत. समोरचे म्हणजे दर वेळी वेगवेगळे, कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडचा. जगभरातल्या लोकांचे कॉम्प्युटर शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या वेळेप्रमाणे बिघडतात, असा त्याचा अर्थ होत होता, पण मला तो मान्य होता. मी त्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर इंग्रजीत एक सणसणीत तक्रार लिहिली. फिनलंडमधल्या एका गृहस्थांनी दोन ओळींत उत्तर दिलं. कार्डाचा वेग मूळ जागी आणा, आम्ही सगळ्यांनी कधीतरी हेच केलं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेगाचा दोष असता तर रोज दिसला असता, फक्त शनिवारी कसा? मी त्यांना उत्तरच दिलं नाही. मग मला वाटलं, शनिवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे व्होल्टेज वाढत असणार. मी नवा स्टॅबिलायझर आणला. पप्पांना सांगितलं, जुना आवाज करत होता.

पप्पांना खरं सांगायची माझी हिंमत होत नव्हती. ते ऐकून चिडतील याची धास्ती नव्हतीच. मला ती पाठ परत दिसायला नको होती. आता कुठे माणूस चारचौघांत बसून खायला लागला होता. त्याच्या हातात होतं काय, तर एक आकडा, आणि तोही मी सांगितलेला. तो फुसका निघाला म्हटल्यावर ते पुन्हा कंटाळा आलाय म्हणून घरी बसले तर? तीन रविवार मी विहारात मागच्या भिंतीला टेकून बसले आणि पुढे पप्पा आकडा सांगत होते. लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या घशाखाली इडली उतरत नव्हती.

इडलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. विहारात थंडीच्या दिवसांत नाश्त्याला आमच्याकडच्या इडल्या असतात. हा मान आईने कुणाला घेऊ दिलेला नाही. पण नाशिकच्या थंडीत पीठ फुगत नाही. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत आई त्या पातेल्याला घोंगडीत गुंडाळते, गहू भरलेल्या कोठीत ठेवते, एकदा तर कपाटात बल्ब लावून ठेवलं होतं. तरी इडल्या दडस व्हायच्या, आणि लोक चांगल्या झाल्यात म्हणून खायचे. या वर्षी मात्र इडल्या कापसासारख्या होत होत्या. सगळे विचारत होते, काय केलं? आई नुसती हसायची. मीही खात होते. मला दोन अधिक दोन सुचलं नाही.

शनिवारी दुपारनंतर मी काम बंद करते आणि कार्ड पूर्ण वेळ त्या तुकड्यांना देऊन टाकते. त्या दिवशी मग मी गॅलरीकडे फिरकतही नाही. पण चौथ्या शनिवारी संध्याकाळी मी मोबाइलचा चार्जर घ्यायला आत गेले. काचा बंद होत्या. कॉम्प्युटरच्या डब्याच्या डोक्यावर एक जाळी असते, तिच्यातून आतली गरम हवा बाहेर जाते. त्या जाळीवर आमचं सगळ्यात मोठं स्टीलचं पातेलं बसलं होतं. पातेल्याला पंचा गुंडाळलेला, वर झाकण, झाकणावर वरवंटा. स्क्रीनवर कार्डाचं तापमान मी कधी पाहिलं नव्हतं एवढं चढलेलं होतं.

"आई!"

आई पदराला हात पुसत आली. "ओरडतेस काय? हलवू नकोस, आत्ता कुठं वर यायला लागलंय."

"तू हे कधीपासून ठेवतेस?"

"थंडी पडल्यापासून. पुसायला आले होते, तर वरून कशी छान ऊब येत होती. वाया जात होती सगळी. तू काचा उघड्या टाकतेस, त्या पण मीच लावते."

मी खूप बोलले. कार्ड आधीच मरणाचं धावतं आहे, त्याला श्वास घ्यायची जागा तू बंद केलीस, जास्त तापलं की ते गणितं चुकतं आणि चुकल्याचं सांगतही नाही, दोन महिने आपण जगाला चुकीची उत्तरं पाठवली. आईने सगळं ऐकून घेतलं.

"आणि दोन महिने इडल्या खाताना नाही विचारलंस, कशा फुगल्या म्हणून?"

मी झाकणावरचा वरवंटा उचलला.

"बरं, मला एक सांग," आई म्हणाली, "तू ते पळवलं नसतंस आणि मी पातेलं ठेवलं असतं, तर चुकलं असतं?"

कंपनीच्या वेगावर ते कार्ड नाशिकच्या मे महिन्यात माझी चित्रं करतानासुद्धा चुकलं नव्हतं. पातेल्याने ते थोडं तापलं असतं, इतकंच. मी त्याला कड्याच्या टोकावर नेऊन उभं केलं होतं, म्हणून पातेल्याचा धक्का पुरला. फिनलंडचे गृहस्थ बरोबर होते. तेही मला आवडलं नाही.

"उद्या वंदनेच्या आधी सांग त्यांना," आई म्हणाली. "नाहीतर मी सांगेन. ते तिथं उभं राहून खोटं बोलतायत, आणि त्यांना माहीत पण नाही."

खोटं बोलतायत, हा शब्द मला लागला. पप्पांना आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं, भांडणाऱ्या भावांनीही नाही. मी त्यांना खोटं बोलायला लावलं होतं.

सकाळी ते शर्टाची बटणं लावत होते. बटण लावायला त्यांना फार वेळ लागतो आणि मदत केलेली चालत नाही. मी पलंगावर बसून सगळं सांगितलं. पट्टी, पातेलं, लाल पान, तीन आठवडे लपवलं तेही. त्यांचा हात तिसऱ्या बटणावर थांबला. म्हणजे थरथरत होता, पण तिथेच.

"ती चुकीची उत्तरं पुढं कुठं गेली का? कुणाच्या औषधात वगैरे?"

"नाही पप्पा. तिसऱ्याने तपासली आणि फेकून दिली. आपल्या चुकीने त्यांना परत काम करावं लागलं, एवढंच."

त्यांनी जोरात श्वास सोडला. मग चौथं बटण लावलं, पाचवं लावलं. "चल, उशीर होईल."

मला वाटलं आज ते उठणार नाहीत. पण बातम्यांची वेळ आली आणि ते सगळ्यांच्या आधी उठले. "मी गेल्या दोन महिन्यांत तुम्हाला जे आकडे सांगितले," ते म्हणाले, "त्यातले शनिवारचे धरू नका. ते चुकलेत. मशीन चुकलं, आणि आम्ही बघितलं नाय." मग ते म्हणाले, "कारण तुमच्या पानात हाय." आणि पातेल्याची गोष्ट सांगितली. लोक इतके हसले की लहान मुलं दचकून रडायला लागली. गुडघेवाल्या मावशी म्हणाल्या, पातेलं तिथंच ठेवा हो, आठवड्यातून एक दिवस आजार थांबेल, इडली थांबायची नाही. पप्पा खाली बसले आणि त्यांनी सहा इडल्या खाल्ल्या. सांबार गुडघ्यावर सांडलं, शेजारच्या काकांनी पुसलं, आणि त्यांनी पुसू दिलं. मी भिंतीला टेकून हे बघत होते आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

दुपारी ते गॅलरीत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. "ती पट्टी दाखव."

मी सॉफ्टवेअर उघडलं. त्यांनी माझ्याकडून माउस घेतला. पट्टी डावीकडे जायला लागली, परत उजवीकडे उडाली, परत डावीकडे. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. बऱ्याच वेळाने ती कंपनीच्या वेगाच्याही खाली जाऊन थांबली.

"पप्पा, एवढं खाली नको. आकडा एकदम पडेल."

"पडू दे."

"तसं नाही हो. फार हळू चालेल. सगळ्यालाच उशीर होईल."

"होऊ दे ना." त्यांनी माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवला. ते स्क्रीनकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "डॉक्टर मला म्हणले होते, लय वर्षं काढाल. मी विश्वास ठेवला. मग तू हे पळवायला लागलीस, रोज थोडं थोडं जास्त. तेव्हा मला कळलं, त्यांनी तुला बाहेर बोलवून काय सांगितलं ते."

फार वर्षं नाहीत, हे मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"माझ्यासाठी नको पळवू," पप्पा म्हणाले. "बरोबर येऊ दे. चल, चालू कर."

मी चालू केलं.